कांद्याचा डीएनए आणि आमची दारूबंदी

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला 'मेजर' म्हणतात, हे मी गावात सांगायला नको होतं. सांगितलं. तेव्हापासून देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात मला कोणी नावानं हाक मारत नाही. सकाळी पारावरून निघाले की आवाज येतो, "मेजर, आज कोन्या बॉर्डरवर?" मी सातच्या एसटीनं वर्ध्याला निघालेली असते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात एप्रन.

विषयाचं पूर्ण नाव सांगूनही भागत नाही. 'बायोकेमिस्ट्री'तला 'केमिस्ट' तेवढा ऐकून शेजारच्या काकू डोकेदुखीची गोळी मागायला येतात. बाबांच्या डोक्यात 'बायो' म्हणजे कृषी केंद्रातली ती बाटली, जी फवारली की पऱ्हाटी राहते तशीच आणि दुकानदार हिरवागार होतो. शेवटी मी शुद्ध मराठीत 'जीवरसायनशास्त्र' म्हणून पाहिलं. आजी म्हणाली, "जीव लावून शीक माय, मंग रसायन असो का काई."

बाबांना मात्र विषयाशी खरंच काम होतं. पहिल्याच वर्षी वावरात, धुऱ्यावर बसून मी त्यांना बीटी कपाशी समजावून सांगितली. अळीनं पान खाल्लं की त्यातलं क्राय नावाचं प्रथिन तिच्या पोटात जातं. तिचं आतडं अल्कधर्मी, तिथे ते प्रथिन कामाला लागतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, भोकं पाडतं. अळी खलास.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग एक बोंड तोडलं, उकललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी. जिवंत. माझ्याकडेच पाहत असावी.

"मंग हे काऊन नाई मेली?"

२००२ साली बीटी आलं, २००६ साली दोन जनुकांचं आलं, आणि २०१७ साली विदर्भभर गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवून दाखवली. प्रथिन जिथे चिकटतं ती जागाच अळ्यांनी बदलून टाकली, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे कुलूपच बदललं. हुशार हाय." परीक्षेत याच प्रश्नाला मला आठपैकी सात मिळाले. वावरात अळीला आठपैकी आठ.

अभ्यास सगळा एसटीत. क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारं रासायनिक चक्र, मला पाठ झाली तीही एसटीमुळेच. हान्स क्रेब्जनं १९३७ साली ती 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवली तर तिथून उत्तर आलं की सध्या जागा नाही. सातच्या गाडीचा कंडक्टरही हेच म्हणतो, फक्त क्रेब्जला पुढे, १९५३ साली, नोबेल मिळालं. बाकी चक्र म्हणजे आमचीच गाडी. ऑक्झॅलोअसिटेट नावाचा रेणू चार कार्बन घेऊन स्टँडवर उभा, ॲसिटाइल नावाच्या दुसऱ्या रेणूचे दोन कार्बन प्रवासी म्हणून चढतात, आठ थांबे होतात, वाटेत दोन कार्बन उतरतात आणि गाडी परत त्याच स्टँडवर. गंमत अशी की पहिल्या फेरीत जे दोघं चढले ते उतरतच नाहीत, आधीपासून बसलेले उतरतात. हे सरांनी तीनदा समजावलं होतं. मला कळलं ते दाराशी लोंबकळताना.

पण मेजरपदाची खरी कसोटी लागली २८ फेब्रुवारीला. विज्ञान दिन. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचा निरोप आला, "पोरांना काहीतरी करून दाखव." मी म्हटलं, कांद्यातून डीएनए काढून दाखवते. तोंडातून शब्द गेला तेव्हा एक गोष्ट लक्षातच आली नाही. कांदा घरात, मीठ घरात, भांड्याचा साबण घरात. पण शेवटी लागतं ते थंडगार अल्कोहोल. आणि आमचा वर्धा जिल्हा गांधीजींचा, म्हणून दारूबंदीचा.

कॉलेजात अल्कोहोल आहे, पण कुलुपात. रजिस्टरवर सही केल्याशिवाय थेंब हलत नाही आणि बाहेर तर नाहीच नाही. १८६९ साली फ्रीडरिश मीशरनं जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून पहिल्यांदा डीएनए वेगळा केला. त्याला दवाखान्यातून पू मिळाला, डुकराच्या जठरातलं पेप्सिन मिळालं आणि अल्कोहोलही मिळालं. त्याचा जिल्हा वेगळा होता.

घरात हे बोलले आणि चूक झाली. रात्री एक दूरचे काका दबक्या पावलांनी आले आणि पदराखालून, म्हणजे दुपट्ट्याखालून, थंड पेयाची जुनी बाटली काढली.

"घे. शिक्षनासाठी हाय म्हनून."

मी म्हटलं, काकाजी, यात पाणी किती हे कळत नाही, डीएनएचे धागे सुटणार नाहीत. काकांचा चेहरा पडला. "पानी? पोरी, पहिल्या धारेची हाय!" त्यांच्या आवाजात जे दुखणं होतं ते मी आजवर फक्त आमच्या सरांच्या आवाजात ऐकलंय, कोणी पिपेट आडवी ठेवली की.

शेवटी तालुक्याच्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं. दुकानदारानं विचारलं, "कोनाले लागलं?" मी म्हटलं, कांद्याले. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आता ते गार करायचं. घरी फ्रीज आहे, लाइट नव्हती. किराणा दुकानात इन्व्हर्टरवरचा फ्रीज. बाटली पेपरात गुंडाळून आइसक्रीममागे ठेवायला दिली. दारूबंदीच्या जिल्ह्यात पेपरात गुंडाळलेल्या बाटलीचा एकच अर्थ होतो, हे मायटोकॉन्ड्रियाच्या नादात मी विसरले. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की मेजरनं बाटली ठेवलीय. मिलिटरीतल्यांना कँटीनमधून मिळते, असा खुलासाही कोणीतरी करून टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत एवढी गर्दी ग्रामसभेला होत नाही. काका पहिल्या रांगेत.

कांदा बारीक केला. मीठ घातलं, साबण घातला. पेशीचं आवरण चरबीचं, साबणानं ते फुटतं. कोमट पाण्यात भांडं ठेवलं. मग आमच्या परसातल्या कच्च्या पपईचा रस चार थेंब, कारण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती पपईतलं पपेन तोडतं. आजी मागून मोठ्यांदा म्हणाली, "हे तं मी मटनात टाकतो!" आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हेत.

गाळलं. ग्लास तिरपा धरला आणि कडेनं गार स्पिरिट सोडलं. सगळे गप्प. काकांनी खोल श्वास घेतला, तो वेगळ्या कारणानं.

खालचा पिवळट रस, वरचं नितळ स्पिरिट, आणि मध्ये हळूहळू ढग जमायला लागला. पांढरा. त्यातून बारीक धागे वर चढायला लागले. सरांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, यात अजून बराच कचरा आहे. पण सर नव्हते. मी सांगून टाकलं, कांद्याचा डीएनए माणसाच्या जवळपास पाचपट. एकाच पेशीतला सरळ केला तर दहा मीटरच्या वर भरेल.

बाबा इतका वेळ खिडकीशी उभे होते. पुढे आले. काडीनं तो धागा अलगद उचलला, दोन बोटांत धरला आणि उजेडाकडे करून हळूच ताणला, मार्केटात व्यापारी कापसाची चिमूट ताणून पाहतात तसा.

"लांबी चांगली हाय," ते म्हणाले. मग बोटं पुसली. "पन ओल लय हाय. भाव कापतीन."