‘सही केली की माणूस गेला’ : ट्रायलबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गावच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. मजकूर थोडक्यात असा: ‘मेडिकल कॉलेजात गोरगरीब पेशंटवर गुपचूप औषधांचे प्रयोग चालतात. एकदा सही किंवा अंगठा घेतला की सुटका नाही. अर्ध्या लोकांना साखरेची गोळी देऊन मरायला सोडतात. माणूस दगावला तर घरच्यांना रुपया मिळत नाही. श्रीमंतांवर असले प्रयोग कुणी करत नाही. सगळ्यांना पाठवा.’

मी डॉक्टर नाही. इकडच्याच एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे पेशंटवरच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसते. कायद्यानं कमिटीत अशी एक जागा ठेवलेली आहे. हा मेसेज मला पाठवणारी माणसं चांगली आहेत, आणि त्यांची भीती मला समजते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. ती ट्रायल (औषध किंवा उपचार लागू पडतो का याची पेशंटवर ठरवून केलेली चाचणी) नव्हती, पण दवाखान्यावरचा विश्वास त्यानं उडाला आणि तो अजून पुरता परत आलेला नाही. म्हणूनच मेसेजमधल्या एकेका गोष्टीला नीट उत्तर द्यावं असं वाटलं.

‘गुपचूप चालतं’

नवीन औषधाची ट्रायल आज गुपचूप करता येत नाही. 15 जून 2009 पासून प्रत्येक ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआयवर करावी लागते, तीही पहिला पेशंट घेण्याआधी. ही यादी कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येते. कुठलं औषध, कुठल्या आजारासाठी, पैसे कुणाचे, कोणकोणत्या दवाखान्यांत, तिथले जबाबदार डॉक्टर कोण, सगळं तिथं असतं. नवीन औषध असेल तर दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते आणि वर दवाखान्याच्या एथिक्स कमिटीची. कमिटीत किमान सात माणसं असतात. निम्मी तरी संस्थेबाहेरची आणि अध्यक्षही बाहेरचाच.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला एखादा तरुण डॉक्टर ‘अभ्यासासाठी माहिती हवी आहे’ म्हणत कागद घेऊन येतो, तेव्हा बहुतेक वेळा ती औषधाची ट्रायल नसतेच. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासाठी प्रबंध लिहावा लागतो. त्यात बहुतेक वेळा प्रश्न विचारतात, रिपोर्ट टिपून घेतात, फार तर थोडं रक्त घेतात. त्यालाही कमिटीची मंजुरी आणि पेशंटची संमती लागते, पण त्यात सहसा कुणाच्या पोटात नवं औषध जात नाही.

‘एकदा सही केली की सुटका नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलंय, कारण कायदा नेमकं उलटं सांगतो. ट्रायलमधून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. बाहेर पडलं म्हणून त्या दवाखान्यातले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ही दोन्ही वाक्यं संमतीपत्रात लिहिलेली असावीच लागतात. ती नसतील तर तो कागद कमिटीतून पुढे जात नाही.

पेशंटला वाचता येत नसेल, तर ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार समजावणीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो आणि तोही सही करतो. नुसता अंगठा चालत नाही. दुर्बल गटातल्या माणसाला अगदी नव्या रसायनाच्या ट्रायलमध्ये घेताना ही सगळी बोलणी व्हिडिओवर टिपावी लागतात. सही झालेल्या कागदाची एक प्रत पेशंटच्या हातात द्यावी लागते.

कमिटीत नेमकं काय चालतं, त्याचा एक नमुना सांगते. मधुमेहाच्या एका ट्रायलची फाइल आमच्यापुढे आली. दर चार आठवड्यांनी तपासणी, वर्षभर. कागद व्यवस्थित होते, विमा होता, परवानगी होती. पण आमच्याकडे गेवराई, धारूर, परळीकडचे पेशंट येतात. त्यातली कितीतरी घरं दसऱ्याच्या सुमाराला टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडावरून दर महिन्याला तपासणीला कसा येणार? मध्येच गोळ्या संपल्या, साखर चढली, तर फडावरच्या झोपडीत, कोपीवर, त्याला बघणार कोण? कंपनीच्या कागदात हा प्रश्न कुठंच नव्हता, कारण ज्यांनी तो लिहिला त्यांनी टोळी पाहिलेली नव्हती. आम्ही फाइल परत पाठवली. ‘दसऱ्यानंतर तुम्ही कुठं असता?’ हा प्रश्न संमतीच्या बोलण्यात आला, जाणाऱ्याला ट्रायलमध्ये घ्यायचं नाही असं ठरलं, आणि येण्याजाण्याच्या खर्चात एसटीच्या तिकिटाबरोबर बुडालेली मजुरीही धरली गेली.

हे काम कुणाला दिसत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं तसं डॉक्टर आणि कंपनी मिळून सगळं ठरवून टाकतात, असं होत नाही.

‘अर्ध्या लोकांना साखरेची गोळी’

ज्या आजारावर चांगलं औषध आहे, तिथं ते काढून घेऊन नुसती नकली गोळी द्यायला सहसा परवानगी मिळत नाही. पुष्कळ ट्रायलमध्ये दोन्ही गटांना नेहमीचे उपचार चालूच असतात. त्या उपचारांच्या जोडीला एका गटाला नवं औषध मिळतं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकावी तसं संगणक ठरवतो. डॉक्टरच्या हातात ते ठेवलं तर आपल्या ओळखीचा पेशंट तो आपल्याला बऱ्या वाटणाऱ्या गटात ढकलेल.

‘मग दुसऱ्या गटाचं नुकसानच की’ असं वाटणं साहजिक आहे. पण कोरोनाचं 2020 आठवा. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातल्या द्रवासाठी, माणसं रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांच्या दारात उभी होती. त्याच वर्षी आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 39 दवाखान्यांतल्या 464 पेशंटवर प्लाझ्माची ट्रायल केली. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, काहींना फक्त नेहमीचे उपचार. प्लाझ्मानं ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावायचा थांबला. ज्यांना तो मिळाला नाही त्यांचं काही गेलं नव्हतं. पुढे मे 2021 मध्ये तो उपचारांच्या यादीतून काढला गेला. दुसरीकडे ब्रिटनमधल्या ट्रायलनं जून 2020 मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. नवं औषध चांगलंच असणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर ट्रायल करायची गरजच नव्हती.

पण या मुद्द्यावर मेसेजवाल्यांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही, आणि त्याचं कारण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. 1999 मध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया. एका गटाची या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप (तिथल्या पेशी काचेवर घेऊन बघायच्या), तिसऱ्याची अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नजरेनं, आणि चौथ्या गटाला जी नेहमीची आरोग्यसेवा असेल ती. म्हणजे तपासणी नाही, कारण तेव्हा गावात ती नव्हतीच.

आठेक वर्षांनी हिशोब झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या सुमारे 34 हजार बायांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार बायांत 64. एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा निकाल 2009 मध्ये जगभर वाचला गेला. आज जागतिक आरोग्य संघटना पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते, त्या शिफारशीमागच्या पुराव्यात आपल्या धाराशिवकडच्या बायांचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे असं मला वाटतं.

आणि त्याच अभ्यासावर टीकाही झाली: तपासणीनं कॅन्सर लवकर सापडतो हे बाहेरच्या देशांत आधीच माहीत होतं, मग चौथ्या गटाला ती का दिली नाही? करणाऱ्यांचं म्हणणं, देशात तेव्हा कुठंच अशी तपासणी नियमित होत नव्हती, आणि आपल्या खेड्यात कुठली पद्धत टिकेल हे कळायला तुलना हवीच होती. मला हे उत्तर अर्धंच पटतं. त्या 64 जणींचा विचार केला की अशी ट्रायल आज आमच्यापुढे आली तर मी ‘चौथ्या गटाची तपासणी कधी करणार, तारीख लिहा’ असं म्हणेन. मेसेजमधल्या ‘साखरेच्या गोळी’पेक्षा हा प्रश्न खरा आहे. तो विचारायला माणूस टेबलाशी बसलेला असावा लागतो. पळून जाऊन तो विचारता येत नाही.

‘माणूस दगावला तर रुपया नाही’

एक काळ असा होता हे खरं. सरकारनंच सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार जानेवारी 2005 ते जून 2012 या काळात 475 नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये 2,644 माणसं दगावली आणि त्यातले 80 मृत्यू ट्रायलमुळे झाले असं ठरवलं गेलं. फिरणारे मेसेज 2,644 घेतात आणि 80 गाळतात. अशा ट्रायलमध्ये कॅन्सरचे, हृदयाचे आधीच गंभीर असलेले पेशंट पुष्कळ असतात, त्यामुळे प्रत्येक मृत्यू औषधाचा नव्हे. पण 80 हाही आकडा मी डोळे मिटून घेत नाही, कारण तेव्हा ते ठरवायची पद्धतच ढिली होती. इंदूरच्या मेडिकल कॉलेजमधलं, पेशंटना नीट न सांगता ट्रायल केल्याच्या आरोपांचं प्रकरण त्याच काळातलं. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सरकारला धारेवर धरलं आणि नियम बदलले.

आज 2019 चे नियम लागू आहेत. ट्रायलमधल्या माणसाला गंभीर इजा झाली किंवा तो दगावला, तर डॉक्टरनं 24 तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं. ट्रायलमध्ये काहीही इजा झाली तर गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार फुकट. मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: मूळ रक्कम 8 लाख, ती वय आणि आधीच्या आजाराच्या गांभीर्यानुसार कमीजास्त होते. वय कमी आणि तब्येत चांगली, तितकी रक्कम मोठी. नियंत्रकाचा आदेश आल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उपचार उपलब्ध असताना ते रोखून नकली गोळी दिली आणि त्यानं इजा झाली, तर तीही भरपाईला पात्र आहे. हे कमिटीचं उपकारखातं नाही, हक्क आहे.

‘श्रीमंतांवर कुणी करत नाही’

करतात. डेक्सामेथासोनची ट्रायल ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतच झाली. पण आपल्याकडे सरकारी दवाखान्यात कोण येतं हे उघड आहे, त्यामुळे ओझं गरिबावर जास्त पडतं, हे मी मान्य करते. त्यावर उपाय गरिबाला वगळणं हा नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या गरीब टीबी पेशंटवर ट्रायल झाली आणि घरी राहून औषध घेणारा सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यातल्या, पेशंटइतकाच बरा होतो हे कळलं. आज जालन्याचा, हिंगोलीचा टीबीचा पेशंट घरी राहून बरा होतो, तो त्या माणसांमुळे.

खरी दुखरी जागा

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि मला रोज तीच सलते. समजावून सांगणारा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर एकच असतो. ओपीडीत मागं रांग उभी असते. पेशंट हात जोडून म्हणतो, “सायेब, मला काय कळतंय, तुम्ही म्हणाल तिथं अंगठा देतो.” नियमात सगळं बसतं, साक्षीदारही असतो, पण ही संमती खरी म्हणायची का? नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील, पुढच्या खेपेला नीट बघणार नाहीत, ही भीती त्याच्या डोळ्यांत दिसते.

म्हणून तुमच्या घरच्या कुणाला ट्रायलबद्दल विचारलं, तर त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी न्या, वेळ मागा, तो मागायचा हक्क आहे. शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. हे विचारा: सीटीआरआय नंबर काय? ट्रायलमध्ये नाही आलो तर कुठलं औषध मिळेल? ट्रायल संपल्यावर नवं औषध लागू पडलं असेल तर ते मला मिळत राहील का? रात्री काही झालं तर फोन कुणाला करू? मोठ्या रकमेचं आमिष कुणी दाखवत असेल तर तिथूनच परत फिरा.

संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. त्यावर पेशंटनं थेट फोन करायचा असतो, डॉक्टरला विचारायची गरज नाही. तो फोन फार कमी वेळा वाजतो. तुमच्याकडे तो कागद असेल, तर काढा आणि करा.