गावातील महायुद्धाची पाटी आणि ‘गुलामीची खूण’ हा आक्षेप

चावडी किंवा ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडण्याचा विषय निघाला की समाजमाध्यमांवरील एक मजकूर हमखास पुढे केला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्या इंग्रजी साम्राज्याच्या विजयखुणा आहेत, त्या युद्धाला गेलेले लोक पगारासाठी लढणारे भाडोत्री होते, आपल्या राष्ट्रीय नेत्यांना ही भरती मान्य नव्हती, त्या पाटीवर गावातील एकाही माणसाचे नाव नाही, म्हणून ती काढून टाकावी आणि तिच्या जागी स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांचे स्मारक उभारावे. यातील शेवटच्या इच्छेशी माझे भांडण नाही, असे स्मारक अवश्य व्हावे. त्याआधीची चार विधाने मात्र एकेक करून तपासली पाहिजेत, कारण त्यांतील एक पूर्ण खरे आहे, दोन अर्धवट आहेत आणि एक सरळ चुकीचे आहे.

‘ही साम्राज्याची विजयखूण आहे’

हे विधान करणाऱ्यांपैकी किती जणांनी पाटीसमोर उभे राहून ती वाचली असेल, याची मला शंका आहे. या पाट्यांचा मजकूर ठरावीक साच्याचा आहे. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्या जणांनी प्राण दिले, एवढेच त्यात सांगितलेले असते. सम्राटाचे नाव नाही, सेनापतीचे नाव नाही, कोणती लढाई कोणी जिंकली याचा उल्लेख नाही. गावाचे नाव आतमध्ये लिहिण्याचीही गरज वाटलेली नाही, कारण पाटी ज्या भिंतीत बसणार ते गाव वाचणाऱ्याला ठाऊकच असणार होते. दोन आकडे सोडले तर त्या दगडावर गावागणिक बदलणारे काहीही नाही.

विजयखूण कशी असते हे पाहायचे असेल, तर भीमा कोरेगावच्या स्तंभावरील मूळ इंग्रजी लेख वाचावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेल्या त्या स्तंभावर स्वतःच्या फौजेच्या पराक्रमाची भरघोस स्तुती आहे. आणि तरीही तो स्तंभ आज कोणाचा आहे? त्यावरील ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे महार शिपायांची मानली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि त्यानंतर दरवर्षी जमणारे लोक कंपनीच्या विजयाला नव्हे, तर आपल्या पूर्वजांना वंदन करण्यासाठी जमतात. दगड कोणी बसवला, एवढ्यावरून त्याचा अर्थ कायमचा ठरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही. कोरेगावसारख्या उघड विजयस्तंभाच्या बाबतीत जे घडू शकले, ते विजयाचा उच्चारही नसलेल्या गावच्या पाटीबाबत अशक्य का मानावे?

पाट्या सरकारनेच दिल्या, हे मान्य आहे. ज्या गावांनी माणसे दिली त्यांची दखल घेतली की पुढेही माणसे मिळत राहतील, हा हिशोब त्यामागे असणार, हेही उघड आहे. पण सरकारचा हेतू हा पाटीचा इतिहास झाला. पाटीवर मोजलेली माणसे गावचीच होती.

‘ते पगारासाठी लढणारे भाडोत्री होते’

पायदळातील शिपायाचा १९१४ सालचा मूळ पगार महिना ११ रुपये होता, आणि तो अनेकांना हवा होता, यात लपवण्यासारखे काही नाही. कोकणातील वाटण्या होऊन तुकडे झालेली जमीन, माण-खटावसारख्या भागातील वरचेवर हुलकावणी देणारा पाऊस आणि मुंबईच्या गिरणीत जाणारी वाट, या सगळ्यांच्या शेजारीच पलटणीत जाणारी वाट होती. एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत आणि एक घरच्या शेतावर, अशी वाटणी असंख्य घरांत होती. त्या मनिऑर्डरीवर घर चालवणाऱ्या माणसाला भाडोत्री म्हणायचे असेल, तर आजही निश्चित पगार, निवृत्तिवेतन आणि मानाची नोकरी या कारणांसाठी भल्या पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांना आपण काय म्हणणार आहोत? उपजीविका आणि कर्तव्य ही एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात.

शिवाय सगळेच पगारासाठी गेले, हेही खरे नाही. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. त्याविरुद्ध दलित समाजसुधारकांनी, १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी, सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांत पोटाचा प्रश्न होता, पण त्याहून मोठा प्रश्न माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्याचा होता. पलटणीतील नोकरीने एका पिढीला शाळा, गणवेश आणि गावाबाहेरचे जग दिले होते आणि ते दार त्यांच्या तोंडावर लावले गेले होते. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण बेळगावला उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. त्या पलटणीत गेलेल्यांना आज कोणी भाडोत्री म्हणत असेल, तर ज्यांनी त्यांना वापरून घेतले त्यांच्याऐवजी, जे वापरले गेले त्यांनाच तो शिक्षा देत आहे.

आणि ११ रुपयांत काय काय आले, तेही पाहू. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत गेले, शिधा काही छटाकांवर आला, घोडे कापले जाऊ लागले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेपोटी ते मांस खाण्यास बरेच दिवस नकार दिला, आणि भाजीपाल्याअभावी हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग पसरला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले, आणि नंतरच्या वाळवंटातील पायपिटीत व कैदेत त्यांतील हजारो मेले. या १३ हजारांत शिपायांबरोबर स्वयंपाकी, भिस्ती, डोलीवाले आणि खेचरे हाकणारेही होते. गावच्या पाटीवर जो पहिला आकडा असतो, त्यात सगळे बंदूकधारीच होते असे समजण्याचे कारण नाही.

किनारपट्टीचा हिशोब तर आणखी वेगळा आहे. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहातील स्मारकावर पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची स्मृती जपली आहे. बोटीच्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्या कोकणी माणसाने कोणता देश जिंकला होता?

‘राष्ट्रीय नेत्यांना ही भरती मान्य नव्हती’

चारही विधानांपैकी सरळ चुकीचे ते हेच. १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडून सैन्यभरतीसाठी लोकांना आवाहन करत होते. ज्या शेतकऱ्यांनी त्यांना सत्याग्रहात साथ दिली, तेच या वेळी त्यांना बैलगाडीही देईनात, इतकी ती मोहीम लोकांना नकोशी होती. पण ती गांधीजींनी केली, हे नाकारता येत नाही. लोकमान्य टिळकांची भूमिका अटींची होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. मात्र त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला होता. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपद देण्याचे वचन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणसे आपण देऊ, आणि दिली नाहीत तर ही रक्कम दंड म्हणून जावी, अशी ती पैज होती. गांधीजींनी धनादेश परत केला. यातून दिसते ते असे की वाद भरती व्हावी की नाही, याचा नव्हता. त्या मोबदल्यात देशाला काय मिळणार, याचा होता. स्वराज्याकडे जाण्याची ती एक वाट आहे असे त्या काळी अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. १९१९ च्या रौलट कायद्याने आणि जालियनवाला बागेने तो भ्रम उतरवला. भ्रम उतरण्यापूर्वी जे गेले, त्यांच्याकडून भ्रम उतरल्यानंतरचे शहाणपण मागणे हा कोणता न्याय?

स्वतंत्र भारताच्या सैन्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे, हे मजकूर लिहिणाऱ्यांच्या ध्यानी दिसत नाही. इंग्रजी अमदानीत भारतीय सत्तांविरुद्ध लढून मिळालेले रणसन्मान, म्हणजे लढाईच्या नावाने पलटणीला मिळणारे मान, आपल्या सैन्याने बाजूला सारले. परदेशातील युद्धांत मिळवलेले पलटणींनी अभिमानाने जपले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या इतिहासात मेसोपोटेमिया आहे, तिथलीच शरकतची लढाई आहे, दुसऱ्या महायुद्धातील एरिट्रियामधील केरेन आहे. कूतच्या वेढ्यातील १०३ क्रमांकाची पलटण म्हणजेच आजची ‘जंगी पलटण’, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. जी परंपरा पलटणीला चालते, ती गावाने भिंतीतून उखडायची, यात काही तर्क दिसत नाही.

‘पाटीवर एकाही माणसाचे नाव नाही’

खरे आहे, आणि या मजकुरातील हे एकच विधान मला मनापासून पटते. फ्रान्समधील किंवा इंग्लंडमधील कुठल्याही खेड्याच्या स्मारकावर मृतांची नावे एकाखाली एक कोरलेली असतात. आपल्या गावांच्या वाट्याला बेरीज आली. हा अपमान केवळ खेड्यापुरता नव्हता. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या इराकमधील बसरा येथील स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी नोंदवली गेली. अविभाजित हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार लोक त्या युद्धात मेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर, त्यात वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धातील मृत धरूनही, १३ हजारांहून थोडी अधिक नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने (Commonwealth War Graves Commission) २०२१ च्या अहवालात आशिया-आफ्रिकेतील सैनिकांच्या स्मृतीबाबत असा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली.

परंतु नावे नाहीत, म्हणून संख्याही पुसून टाका, हा निष्कर्ष उलटा आहे. संख्या हा नावांचा शोध सुरू करण्याचा धागा आहे. त्याच आयोगाच्या मृतांच्या नोंदी आज संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत पलटण, मृत्यूची तारीख, बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा एवढे सगळे दिलेले असते. अडचण इंग्रज कारकुनांच्या लिखाणाची आहे. गावाची नावे ओळखू येणार नाहीत इतकी मोडलेली असतात, म्हणून शोध तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या नावाने सुरू करावा आणि त्या वेळी तालुका आणि जिल्हा कोणता होता हे आधी पाहावे. रायगड जिल्हा शोधून काही सापडणार नाही, त्याचे तेव्हाचे नाव कुलाबा शोधावे लागेल.

जे परत आले, त्यांचा माग मृतांच्या नोंदीत नसतो. तो घरांत असतो. युद्धानंतर मिळालेल्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या किनारीसारख्या त्या बारीक पट्टीवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा असल्यामुळे पाहणारा तेवढाच पाहतो आणि पदक पुन्हा फडक्यात बांधून ठेवतो. ते आडवे धरून फिरवले तर पणजोबांचे नाव सापडते. शिपायाचे पदक चांदीचे असे, बिगारी कामाला गेलेल्याचे काशाचे. चांदीची कितीतरी सोनाराच्या मुशीत गेली असतील, काशाची मात्र अजून अडगळीत निघू शकतात. पंजाबमध्ये तर लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची गाववार माहिती बाहेर आली आणि २०२१ पासून ती लोकांसाठी खुली होऊ लागली. नावे गहाळ झाली होती, नष्ट झालेली नव्हती.

‘त्या जागी नवे स्मारक उभारा’

नवे स्मारक जुन्याच्या जागी कशाला हवे? २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, ते स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांच्या नावांचे आहे, आणि ते तसेच असणे योग्य आहे. पण त्यामुळेच १९४७ पूर्वी गेलेल्यांसाठी पाटी ही गावातील बहुधा एकमेव सार्वजनिक नोंद उरते. दोन्ही काळ शेजारी शेजारी नांदू शकतात हे सातारा तालुक्यातील अपशिंगे दाखवते. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आल्याचे सांगितले जाते, तेथे त्याची स्मृतिशिला आहे, आणि १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांतही त्याच घरांतील मुले लढली. लोक त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात इंग्रज सरकार नसते. माणगावातील नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याचेही तसेच आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मृत्यू पावलेल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; पदक इंग्रजांचे, पुतळा मात्र रायगडच्या लोकांचा.

राहिला प्रश्न इमारत पाडताना काय करावे याचा. शंभर वर्षांहून जुना शिलालेख पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याच्या व्याख्येत बसतो, तेव्हा भंगाराच्या ट्रॉलीत टाकण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाला एक पत्र लिहायला हरकत नाही. पाटी उतरवण्याआधी तिचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, ती मूळ कोठे होती ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावे. कडेने चुना फोडून पाटी अखंड काढणारा गवंडी मिळतो, फक्त त्याला घाई करू नये. नव्या भिंतीत ती हाताला लागेल अशा उंचीवर बसवावी आणि अक्षरे उठावदार करण्याच्या उत्साहात त्यांत ऑइल पेंट भरू नये, कारण दोन-तीन रंगकामांनंतर आठाचा तीन वाचला जातो. तिच्याखाली दुसरी मराठी पाटी बसवण्याइतकी जागा सोडावी. सापडतील तशी नावे त्या पाटीवर भरत जावी, आणि वरचा आकडा गाठेपर्यंत उरलेल्या ओळी कोऱ्या ठेवाव्यात.