आजारी दिसणारी बाई काढून मिळणार नाही

आज दुपारी साडेतीनला फोन आला. एका ग्रुप शोसाठी माझं चित्र पाठवलं होतं, विषय ‘आजारपण’. आयोजकांकडची मुलगी अगदी गोड बोलली. "ताई, पेंटिंग खूप सुंदर आहे. फक्त बघणाऱ्याला आजार कुठे दिसतोय? गोळ्यांची पाकिटं, सलाईन, निदान चेहऱ्यावर थोडी वेदना... काही ॲड करता येईल का?"

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. नेहमीप्रमाणे उत्तरं नंतर सुचली, ती इथे ओततेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते चित्र अर्धवट असताना पाहिलंय. चार फूट बाय तीन, तैलरंग, मीच बसलेय. केस विंचरतेय आणि वर नेलेल्या हाताचं कोपर कपाटाच्या उघड्या दारावर टेकवलंय. बास. ज्यांना माझ्यासारखा फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सततचं दुखणं आणि थकवा आहे, त्यांना ते कोपर बघून पुढचं काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांना ती निवांत नटत बसलेली बाई वाटेल. वाटू दे की! लग्नाकार्यात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला मी तशीच तर दिसते.

सात महिने लागले. दिवसाला चाळीस मिनिटं, तीही आठवड्यातले जे तीन-चार दिवस अंग साथ देईल तेव्हा. मधल्या दिवसांत पॅलेटवरच्या रंगावर साय धरायची. मनुष्याकृती काढणाऱ्याला सारखं मागे जाऊन बघावं लागतं, चार पावलं मागे, चार पुढे. ते मला झेपत नाही. म्हणून पाठीमागे आरसा टांगला आणि स्टुलावर बसल्या बसल्या, मान वळवून, उलट्या प्रतिमेत चुका पकडल्या. मांडी दोन बोटं लांब झाली होती ती अशीच सापडली. आता एवढं करून त्यात गोळ्यांची पट्टी रंगवू?

कॉलेजात लाइफ क्लासला एक मावशी उभ्या राहायच्या. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती. आमचे सर डोकं खायचे, "नाक-डोळे नंतर. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते सांग." मानेच्या खळीतून मनातल्या मनात ओळंबा सोडायचा आणि तो कुठल्या घोट्याशी येतो ते बघायचं. एकदा विश्रांतीत मावशी माझ्या बोर्डापाशी आल्या, चित्रातल्या पावलावर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, हितं वांब आलेला तुला कसं कळलं गं?"

मला काहीच कळलं नव्हतं. बोटं फळीला घट्ट धरून बसलेली दिसली, तशी काढली होती.

गंमत सांगू? १९९० साली अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांनी, म्हणजे सांधे-स्नायूंच्या डॉक्टरांनी, माझ्या या आजाराचे निकष ठरवले. अंगावरचे १८ ठरावीक बिंदू अंगठ्याने, साधारण ४ किलोच्या जोराने दाबायचे. किमान ११ ठिकाणी दुखलं पाहिजे. ते बिंदू दाखवणारी जी आकृती जगभर फिरली, त्यात कोण आहे? फ्रेंच चित्रकार ज्याँ-बाप्तिस्त रेन्योच्या, १७९३ च्या सुमाराच्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चित्रातल्या तीन देवता! गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, ठणठणीत. कुणी पाठमोरी, कुणी समोरून, आणि अंगावर नुसते ठिपके. हा आजार एक्स-रेत दिसत नाही, रक्तात दिसत नाही, तेव्हा दाखवायला डॉक्टरांनाही निरोगी देखणं शरीरच सापडलं. "या बायका आजारी वाटत नाहीत, सलाईन लावा" असं त्यांना कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. २०१० च्या निकषांत ते बिंदू दाबून मोजायची गरजही गेली. म्हणजे आता ठिपकेसुद्धा नाहीत. आता काय काढू?

हो, माहितेय, कॉमेंटमध्ये कुणीतरी मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो आणणारच. तिने १९४४ मध्ये स्वतःला अंगभर खिळे ठोकलेलं, फाटलेल्या धडात मोडका खांब असलेलं काढलंच ना? काढलं. जबरदस्त आहे, वाद नाही. पण तिच्या अंगावर तेव्हा खरोखरचा, पाठीला आधार देणारा पोलादी कॉर्सेट होता. होतं ते तिने काढलं. माझ्याकडे कपाटाचं दार आहे. तिचे खिळे उसने आणून मी माझ्या अंगात ठोकायचे, कारण गॅलरीत आलेल्या माणसाला दीड मिनिटात कळलं पाहिजे?

आणि कळून तरी काय करणार आहेत? "योगा सुरू कर", "माझ्या नणंदेलाही होतं, हळद-दूध घेतलं, गेलं." निदान व्हायच्या आधीची तीन वर्षं प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले सुटकेचा श्वास टाकायचे आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. ते रडणंही काढलं नाही मी. काढणारही नाही.

थांबा. पाणी पिऊन आले.

त्या मुलीवर राग नाही खरं तर. चोवीस-पंचवीसची असेल, तिला वर कुणीतरी सांगितलं असणार. प्रदर्शन त्यांचं, निवड त्यांची, हेही मान्य. ज्यांना रक्त, सुया, टाके काढावेसे वाटतात त्यांनी जरूर काढावेत. मलाच एक वाईट सवय लागलीय. कुणाचंही शरीर पाहिलं की चेहऱ्याआधी वजन कुठे टाकलंय ते बघते. भाजीवाली उठताना कुठला हात गुडघ्यावर ठेवते, वॉचमनकाका खुर्चीच्या एकाच कडेला का बसतात. मावशींचा चेहरा वीसच्या वीस मिनिटं कोरा असायचा. तोंड वाकडं करणाऱ्या मॉडेलला पुढच्या महिन्यात बोलावणार कोण? त्या दिवशी वर्गात आम्ही सोळा जण होतो. चेहरा सगळ्यांचा छान आला होता.

रात्री मेसेज करून टाकला: बदल होणार नाही, चित्र परत पाठवा. दोन मिनिटांत "ओके ताई" आणि हात जोडलेला इमोजी.

गुरुवारी टेम्पो येईल. डोंबिवलीच्या आसपास असाल तर शनिवारी बघायला या. चहा मात्र तुम्ही करायचा. पातेलं ओट्याखाली अगदी आत आहे, मला तिथवर वाकता येत नाही.