‘मन पाच वर्षांचंच’ म्हणणाऱ्यांना

दर थोड्या महिन्यांनी बौद्धिक दिव्यांग मुलांबद्दलचा एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून येतो: ‘ही देवाघरची फुलं. शरीर वाढलं तरी मन पाच वर्षांचंच. अठरानंतर काही शिकवून उपयोग नाही. फक्त माया द्या, जगापासून जपा.’ पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण माझ्या ३४ वर्षांच्या दादाला डाऊन सिंड्रोम आहे, आणि या मजकुरातलं एकेक वाक्य त्याच्या वाटेत आडवं येतं.

‘मन पाच वर्षांचं.’ हे ‘मानसिक वय’ बुद्धिमत्ता चाचणीतल्या गुणांवरून काढतात. पाच वर्षांच्या पोराने बापाला खांदा दिलेला नसतो, दादाने दिलाय. त्याला कुणी ‘बाळ’ म्हटलेलं खपत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली बौद्धिक दिव्यांगत्वाची व्याख्याही नुसत्या बुद्धीवर थांबत नाही. रोजचे व्यवहार आणि माणसांत वावरणं हेही ती धरते. आणि वावरणं शिकता येतं.

‘अठरानंतर उपयोग नाही.’ अठराव्या वर्षी थांबते ती शाळा! विशेष शाळा सहसा तिथवरच. पुढे दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळाली तर बरं, नाहीतर घर आणि टीव्ही. बोलायला कुणी नाही म्हणून माणूस गप्प होत जातो, आणि आपण म्हणतो, बघा, मेंदूच तेवढा.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर काढून ग्लासात देतात. दादा तिथं स्वतःचं दूध मागायला शिकला, तो तिशी उलटल्यावर. शाळेत रांगेत उभं राहायचं घोटून घेतलेलं. कट्ट्यावर रांग कुठली? म्हशीभोवती माणसांचं कडं. हा शहाण्यासारखा मागे उभा, आणि पाळी काही येईना. वर्गात शिकलेलं रस्त्यावर आपोआप उतरत नाही, हे मला तिथं कळलं. मग तिथंच, तुकडे पाडून शिकवलं. दूधवाल्याला दिसेल असं उभं राहायचं. त्याने बघितलं की ‘मामा, एक ग्लास’. नोट द्यायची, सुटे हातात पडेपर्यंत हलायचं नाही. आधी मी शेजारी, मग दोन पावलं मागे, मग रस्त्यापलीकडे. चार महिने लागले. दूधवाल्यांनाही एक शिकावं लागलं: उत्तर माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून द्यायचं.

सगळ्यांना सगळं जमतं असं मी म्हणणार नाही. बोलता न येणाऱ्याला चित्राचं कार्ड दाखवून मागता येतं, तेही मागणंच.

‘फक्त माया द्या, जपा.’ याची मला सगळ्यात भीती वाटते. मोठ्यांचं ऐकायचं, कुणी जवळ घेतलं तर हसायचं, एवढंच शिकलेला माणूस वाईट हेतूच्या हातात अलगद सापडतो. म्हणून आम्ही मिठी कुणाला, हात कुणाशी मिळवायचा, लांबून नमस्कार कुणाला, हे घरातल्यांचे आणि गल्लीतल्यांचे फोटो मांडून शिकवलं. आणि ‘नको’ म्हणायला शिकवलं. घरात रोज सराव. आधी तो कुजबुजायचा.

गेल्या गणपतीत मांडवात ओळखीच्या एका काकांनी नेहमीसारखा त्याचा गाल ओढला. दादा मागे सरला आणि मोठ्याने म्हणाला, ‘काका, नको. मला आवडत नाही.’ काका दुखावले. आईने मला डोळ्यांनी खुणावलं, त्याला सॉरी म्हणायला लाव. मी काकांशी बोलले, बराच वेळ बोलले. दादाला सॉरी म्हणायला लावलं नाही.