संकट आलं की नियम रजेवर!

मे 2021 मध्ये केंद्र सरकारने एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही सौम्य कोविड रुग्णांना फोनवर सल्ला द्यायला मोकळीक दिली. सीनियरांच्या देखरेखीखाली, पण दिली. रातोरात!

आणि आमची वहिनी? अकरा वर्षं आयसीयूत काढलेली नर्स, पण नोंदणी परराज्यातली. दादाच्या बदलीमुळे कळव्यात आली आणि कागदांत अडकली. आधी तिकडची एनओसी, मग इथली नोंदणी. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. सात महिने!

नोंदणी नकोच असं नाही हो, बोगस माणसं कुणाला हवीत? पण तात्पुरता परवाना काय फक्त महामारीतच सुचतो? तोवर वहिनी सोसायटीतल्या आजोबांची शुगर तपासतेय. फुकटात.