‘निवृत्त स्केटर परत येऊन जिंकत नाही’ हा दावा का टिकत नाही

फिगर स्केटिंगबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. अमेरिकेच्या एलिसा लिऊनं निवृत्तीनंतर परत येऊन मिलान ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं, तरीही तो थांबलेला नाही. थोडक्यात तो असा: या खेळात एकदा निवृत्ती घेतली की परतीची वाट बंद. शरीर उड्या विसरतं. १९९४ मध्ये मोठमोठे विजेते परत आले आणि सगळे तोंडघशी पडले. मधल्या काळात गुणपद्धत बदलते, ती जुन्यांना झेपत नाही. लिऊ हा अपवाद, आणि तीही रशियन मुली नव्हत्या म्हणून जिंकली. शिवाय परत येणारे नवोदितांची जागा अडवतात ते वेगळंच.

यातले बहुतेक मुद्दे मला साफ चुकीचे वाटतात. एकात थोडं तथ्य आहे, ते कुठे ते पुढे सांगते.

सुरुवात १९९४ पासूनच करू, कारण दाव्याचा सगळा डोलारा त्या एका वर्षावर उभा आहे. त्याआधी व्यावसायिक आइस शोकडे वळलेल्या खेळाडूला ऑलिंपिकचं दार बंद असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं अशांना परत येण्याची मुभा दिली आणि नॉर्वेतल्या लिलहॅमर ऑलिंपिकला जुने विजेते पुन्हा बर्फावर दिसले. १९८८ चा विजेता ब्रायन बोइटानो सहावा आला. १९८४ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन सुवर्णं जिंकलेली काटारिना विट सातवी आली. दावा करणारे इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच स्पर्धेत पेअर्सचं, म्हणजे पुरुष आणि महिला जोडीनं उड्या घेतात त्या प्रकाराचं, सुवर्ण कुणी जिंकलं, हे कुणी विचारतच नाही. ते जिंकलं एकातेरिना गोर्दीवा आणि सर्गेई ग्रिंकोव यांनी. १९८८ ला पहिलं सुवर्ण, १९९० नंतर व्यावसायिक शो, आणि मग परत येऊन दुसरं सुवर्ण. आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावर जोडीनं नाचण्याच्या प्रकारात, जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन तब्बल दहा वर्षांनी परतले. जानेवारीत त्यांनी युरोपियन विजेतेपद मिळवलं, फेब्रुवारीत ऑलिंपिक ब्राँझ. ज्या वर्षाचा दाखला ‘सगळे हरले’ म्हणून दिला जातो, त्याच वर्षी परतलेल्यांनी एक सुवर्ण आणि एक ब्राँझ नेलं.

विटच्या सातव्या क्रमांकाबद्दलही मला बोलायचं आहे. तिनं पहिलं सुवर्ण सारायेव्होत जिंकलं होतं. १९९४ मध्ये तेच शहर बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात होतं, रोज माणसं मरत होती. तिनं आपलं फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेचा दुसरा, लांब भाग, त्या शहराला वाहिला. शेवटी गुणतक्त्यात तिची नोंद सातवी म्हणून झाली, हे खरं. पण तिला ‘तोंडघशी पडली’ म्हणणाऱ्यानं ते स्केट बघितलेलं नाही, एवढं मी खात्रीनं म्हणेन.

आता शरीर. हा मुद्दा ऐकायला सर्वांत पटणारा, म्हणून जरा जवळून बघू. ट्रिपल ॲक्सल म्हणजे हवेत साडेतीन फेऱ्या. त्यासाठी हवेत मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षाही कमी. तेवढ्यात हात छातीशी ओढायचे, पाय आवळायचे, फिरायचं, पुन्हा उघडायचं आणि उलट्या दिशेनं सरकत एका पायावर, पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरायचं. उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. फ्री स्केटमध्ये अशा उड्यांच्या अनेक संधी असतात आणि शेवटच्या उड्यांपर्यंत मांड्या दगड झालेल्या असतात. विश्रांतीच्या काळात सर्वांत आधी जातो तो हा दम आणि ही ताकद. ती पुन्हा कमवावी लागते, त्याला महिने लागतात, कधी वर्षही लागतं. पण उडी कायमची जाते, याला पुरावा काय?

उलट पुरावा रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोचा आहे. २००६ ला तुरिनमध्ये सुवर्ण जिंकून तो बाजूला झाला, तीन मोसम मोठ्या स्पर्धांत दिसला नाही, आणि २०१० ला व्हँकुव्हरमध्ये उतरला तेव्हा शॉर्ट प्रोग्राममध्येही (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) आणि फ्री स्केटमध्येही त्यानं क्वाडला, म्हणजे चार फेऱ्यांच्या उडीला, लगेच ट्रिपल, म्हणजे तीन फेऱ्यांची उडी, जोडली. त्याचा अमेरिकन प्रतिस्पर्धी इव्हान लायसाचेकनं क्वाडचा प्रयत्नही केला नाही. तरी लायसाचेक २५७.६७, प्लुशेंको २५६.३६. फरक १.३१ गुणांचा. म्हणजे परत आलेल्या माणसाकडे स्पर्धेतली सर्वांत अवघड उडी होती. ती असूनही तो हरला, कारण उड्यांच्या मधल्या जागांत, पावलांत आणि उड्यांच्या दर्जात लायसाचेकनं थोडेथोडे गुण जास्त मिळवले. शरीर विसरलं या मुद्द्याला ही स्पर्धा जवळजवळ उलटी साक्ष देते.

त्याच व्हँकुव्हरमध्ये शेन श्वे आणि झाओ होंगबो ही चिनी जोडी होती. २००२ आणि २००६ ला ब्राँझ, २००७ ला जागतिक विजेतेपद, मग निवृत्ती, लग्न, आणि २००९ मध्ये परत. झाओ ३६ वर्षांचा होता, शेन ३१ ची. २००५ मध्ये झाओची टाचेमागची शीर तुटली होती, त्याच पायानं तो आता जोडीदारणीला उचलत होता, फेकत होता. शॉर्ट प्रोग्रामला त्यांना सर्व जोड्यांत पहिलं उतरावं लागलं. ही जागा कुणालाच नको असते, कारण जज पुढच्यांसाठी गुण राखून ठेवतात अशी समजूत आहे. त्यांनी ७६.६६ गुणांचा विक्रम केला आणि शेवटी सुवर्ण नेलं. १९६४ पासून पेअर्सचं ऑलिंपिक सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन जोड्यांकडून कुणी हिसकावलं नव्हतं. ते एका निवृत्त जोडीनं परत येऊन हिसकावलं.

डिआना स्टेलाटो-डुडेकची गोष्ट तर मला अजूनही थक्क करते. २००० ची ज्युनिअर जागतिक रौप्यविजेती. कमरेच्या सांध्याच्या दुखण्यानं १७ व्या वर्षाच्या आसपास खेळ सोडला. नोकरी धरली, पंधराएक वर्षं गेली. २०१६ मध्ये परत आली ती एकेरीत नाही, पेअर्समध्ये. २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला मॅक्सिम देशांसोबत ती जागतिक विजेती झाली, तेव्हा ती ४० वर्षांची होती. स्केटिंगचं जागतिक विजेतेपद मिळवणारी सर्वांत वयस्क महिला.

या सगळ्यांना जोडणारा एक धागा मला दिसतो. परत येऊन यशस्वी झालेले बहुतेक जण जुनं स्केटिंग जसंच्या तसं परत आणायला बसले नाहीत. स्टेलाटो-डुडेकनं प्रकारच बदलला. टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोईर दोन मोसम थांबले, २०१६ मध्ये नव्या कोचकडे मॉन्ट्रियलला गेले, २०१७ ला जागतिक विजेते आणि २०१८ ला पुन्हा ऑलिंपिक विजेते झाले. निवृत्ती घेतली होती की नाही यापेक्षा परत येताना काय बदललं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

गुणपद्धतीचा मुद्दा इथेच येतो, आणि तो दाव्याच्या विरुद्धच जातो. आजच्या पद्धतीत प्रत्येक घटकाला मूळ गुण असतात आणि दर्जानुसार उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी मिळते. एक श्रेणी म्हणजे मूळ गुणांच्या दहा टक्के. ट्रिपल ॲक्सलचे मूळ गुण ८. ती घेताना पडलात आणि उणे ५ मिळाले तर उरतात ४, त्यातून पडल्याचा एक गुण वजा, म्हणजे ३. ट्रिपल लुट्झ या तीन फेऱ्यांच्या, त्याहून सोप्या उडीचे मूळ गुण ५.९०. ती अधिक ३ श्रेणीची घेतली तर ७.६७. आता सांगा, परत आलेल्या खेळाडूनं कशाच्या मागे लागावं?

लिऊनं नेमकं हेच केलं. १३ व्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा तिची ओळखच ट्रिपल ॲक्सल ही होती. त्याच वर्षी ज्युनिअर स्पर्धेत तिनं क्वाड लुट्झही उतरवली. १६ व्या वर्षी, जागतिक ब्राँझ जिंकल्यावर, तिनं खेळ सोडला. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन आली, कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागली. २०२४ मध्ये परतीची घोषणा केली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला २२२.९७ गुणांनी जागतिक विजेती झाली. त्या कार्यक्रमांत ना ॲक्सल होती ना क्वाड. ज्या उड्या होत्या त्या स्वच्छ होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघणाऱ्याच्याही अंगावर येत होता. संगीत, पोशाख, सराव यांत आपलं म्हणणं चालेल, या बोलीवर ती परतली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानला ती शॉर्ट प्रोग्रामनंतर तिसरी होती, तिथून २२६.७९ गुणांनी सुवर्ण. अमेरिकन महिलेला हे सुवर्ण २००२ नंतर प्रथमच मिळालं.

‘रशियन मुली नव्हत्या म्हणून.’ रशियाच्या खेळाडूंवर मार्च २०२२ पासून बंदी होती, आणि बोस्टनमध्ये त्या नव्हत्या, हे मान्य. मिलानमध्ये मात्र रशियाची अदेलिया पेत्रोस्यान तटस्थ खेळाडू म्हणून, देशाच्या नावाशिवाय, उतरली होती आणि पदकापर्यंत पोहोचली नाही. शिवाय सीनिअर गटाची किमान वयोमर्यादा संघटनेनं टप्प्याटप्प्यानं १५ वरून १७ वर नेली आहे. पंधरा वर्षांच्या मुलींनी क्वाडच्या जोरावर सगळं जिंकायचं आणि दोन वर्षांत दिसेनासं व्हायचं, तो काळ मागे पडतो आहे. मला व्यक्तिशः याचा फार आनंद आहे. त्या मुलींच्या कंबरा आणि पाठी कशा मोडत होत्या, हे या खेळावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी बघितलं आहे.

दाव्यातलं थोडं तथ्य इथे. महिला एकेरीत पंचविशी-तिशीनंतर परत येऊन सुवर्णापर्यंत जाणं अतिशय कठीण आहे. लिऊ १९ व्या वर्षी जागतिक विजेती झाली, तिचं वय तिच्या बाजूनं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. इटलीची कॅरोलिना कॉस्टनर ३१ व्या वर्षी, २०१८ च्या जागतिक स्पर्धेत, मिलानमध्येच, शॉर्ट प्रोग्रामला पहिली होती आणि शेवटी चौथी राहिली. दुखापत तर कुणालाच सोडत नाही. २०१४ च्या सोचीत प्लुशेंकोनं सांघिक सुवर्ण मिळवलं आणि काही दिवसांत एकेरीच्या सरावातच पाठ धरल्यानं माघार घेतली. कठीण आहे, फार कठीण आहे. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे, आणि दावा अशक्य म्हणतो.

राहिला जागा अडवण्याचा आरोप. परतणाऱ्याला फुकट काही मिळत नाही. डोपिंग चाचण्यांच्या यादीत असताना निवृत्त झालेल्यानं परतण्याआधी सहा महिने लेखी कळवून त्या चाचण्यांसाठी उपलब्ध राहायचं, किमान तांत्रिक गुण मिळवायचे, देशात निवड जिंकायची. साशा कोहेन २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत परतली, शॉर्ट प्रोग्रामनंतर दुसरी होती, शेवटी चौथी आली. ऑलिंपिकला जागा दोनच होत्या, त्या रेचल फ्लॅट आणि मिराई नागासू या धाकट्या मुलींना मिळाल्या. दाइसुके ताकाहाशी परतून २०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला आणि जागतिक स्पर्धेची जागा त्यानं आपणहून सोडली.

आणि दक्षिण कोरियाची किम यू-ना. तिनं निवृत्ती जाहीर केली नव्हती, पण २०११ च्या जागतिक स्पर्धेनंतर दीड वर्षाहून जास्त काळ ती स्पर्धेत नव्हती. किमान गुण मिळवण्यासाठी डिसेंबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या स्पर्धेत उतरली, आणि मार्च २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडनला २१८.३१ गुणांनी जागतिक विजेती झाली. दुसऱ्या क्रमांकापेक्षा २० गुणांनी पुढे. कोरियाकडून ती एकटीच उतरली होती. तेव्हाचा नियम असा होता, की एकट्या खेळाडूनं पहिला किंवा दुसरा क्रमांक मिळवला तर देशाला पुढच्या मोठ्या स्पर्धेत तीन जागा मिळत. त्यामुळे २०१४ च्या सोची ऑलिंपिकला किमसोबत पार्क सो-यॉन आणि किम हे-जिन या दोन सोळा वर्षांच्या कोरियन मुली उतरल्या. त्यांच्या जागा किम परत आल्यामुळेच निर्माण झाल्या होत्या.