सेक्रेटरी आणि इमू

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'सेक्रेटरींना इमू वाचायला वेळ आहे, मिनिट्स लिहायला नाही.' खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठे सभेकडे फिरकलेसुद्धा नव्हते.

वास्तविक मी मिनिट्सच लिहायला बसलो होतो. विषय क्रमांक तीन, डक्टमधली कबुतरं. जाळीचा खर्च नोंदवण्याआधी प्रतिपक्षाची नीट माहिती हवी म्हणून विकिपीडिया उघडला. तिथून शेर आमी हे कबूतर, १९१८ साली गोळी खाऊन, लोंबकळत्या पायाने सैन्याची चिठ्ठी पोचवणारं. तिथून १९३२चं ऑस्ट्रेलियातलं इमू युद्ध. गव्हाची शेतं तुडवणाऱ्या इमूंवर सरकारने चक्क सैन्य सोडलं होतं. हे अर्धवट सोडून जाळीकडे कोण परत येईल?

तेवढ्यात बी विंगमधले काका मिनिट्स मागायला आले आणि स्क्रीन बघून दारातच थबकले.

"काय हो सेक्रेटरी, मुद्दाम लावलंत काय हे?"

काका रिटायर झाले तेव्हा इमूपालनाची लाट होती. तेल, मांस, चामडं, अंडी, सगळं कंपनीच परत विकत घेणार होती. कंपनी पळाली, इमू राहिले. फंडाचे पैसे त्यांच्या खाद्यात गेले. हे मला सगळं ठाऊक आहे, कारण दर गणपतीत ऐकतो.

काकांनी खुर्ची ओढली. "खाली घ्या. अं, थांबा, वर. हत्यार काय होतं?"

"दोन लुईस मशीनगन. दहा हजार गोळ्या."

"आणि इमू?"

"वीसेक हजार."

"मेले किती?"

"मेजर मेरेडिथच्या दाव्याप्रमाणे ९८६."

काकांच्या चेहऱ्यावर अशी शांती मी कधी पाहिली नव्हती. "म्हणजे लष्कराला जमलं नाही! मग मी एकटा काय करणार होतो, सांगा!"

मेजरने एक गन ट्रकवर बसवली, पण ट्रक एवढा उसळायचा की नेमच धरता येईना, आणि इमू पुढे निघून जायचे, हे मी वाचून दाखवलं. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमचेसुद्धा टेम्पोतून असेच पळाले. बाजारातून. लोक व्हिडिओ काढत होते, एकाने धरला नाही."

मग नर इमू जवळजवळ आठ आठवडे उपाशी राहून अंडी उबवतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि फोन लावून काकूंना ऐकवलं. माझा चहा प्यायले. उठले तेव्हा काळोख पडला होता. मिनिट्सचं नाव नाही.

आणि सकाळी हा मेसेज! सेक्रेटरीपद मानद आहे. मानद म्हणजे पगार नाही, आणि मान किती ते ग्रुपवर दिसलंच. निवडणुकीच्या वेळी हेच अंगठे माना खाली घालून चपला शोधत होते.

आत्ता काकांचा खासगी मेसेज आलाय: 'ती इमूची लिंक पाठवा, मेहुण्याला दाखवायची आहे.'

पाठवणार नाही. आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा म्हणावं.